घाबरटाची बदकीण

दक्षिण गोलार्धात माझ्या जुन्या रूममेटइतका घाबरट माणूस दुसरा नसावा. पेशाने फार्मासिस्ट, त्यामुळे प्रत्येक गोळीचे दुष्परिणाम तोंडपाठ, आणि गोळी घ्यायच्या आधीच ते सगळे याला सुरू. पोरिरुआ या समुद्रकाठच्या, भूकंपप्रवण शहरात आल्यापासून उशाशी शिट्टी, टॉर्च आणि फुटाण्यांची पुडी ठेवून झोपतो. भूकंप सांगून येत नाही म्हणे. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, कधी घालत नाही. "त्सुनामी आली तर पळणार कसा?" असं विचारतो, तेही टेकडीवरच्या घरात उभं राहून. अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, जरा मोकळ्या हवेत जा, पक्षीबिक्षी बघा. म्हणून हा रानबदकांचा माग काढणाऱ्या स्वयंसेवकांत सामील झाला, आणि त्याच्या भीतीला हक्काचं घर मिळालं.

उत्तरेकडच्या देशांतून कधीकाळी इथे आणून सोडलेली ही बदकं. काही माद्यांच्या पाठीवर छोटा ट्रान्समीटर बसवतात. अँटेना फिरवली की रिसीव्हरवर टिकटिक ऐकू येते. मादी बरेच तास हलली नाही की टिकटिक दुप्पट वेगाने होते. म्हणजे बहुधा ती मेली. याच्या वाट्याची बदकीण दलदलीत अंड्यांवर बसली आणि याला जेवण जाईना. "मुंगसासारखे ते स्टोट आहेत, रानमांजरं ढिगाने आहेत, वरून ससाणे," तो बोटं मोजायचा, "आणि ही जमिनीवर बसलीय रे, उघड्यावर!"

ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्याचा फोन आला. "टिकटिक वाढलीय. मला एकट्याला बघवणार नाही. ये."

गेलो. पाणकणसं डोक्यापेक्षा उंच. ती वाऱ्याने सळसळली की आम्ही दोघेही दचकत होतो. चिखल पाऊल सोडत नव्हता. टिकटिक इतकी जलद, की माझीच छाती धडधडायला लागली. डोक्यावर एक ससाणा घिरट्या घालत खाली खाली येत होता. "परत जाऊया," मी म्हटलं. पण ईल माशांच्या भीतीने आजवर कधी पोहायला न उतरलेला हा माणूस मांडीभर पाण्यात शिरला.

त्याने गवत हळूच बाजूला केलं. तपकिरी पिसं दिसली, निपचित. त्याने डोळे मिटून घेतले. मी बघत राहिलो. त्या पिसांत एक काळा डोळा उघडा होता, आमच्यावर रोखलेला.

"अरे, जिवंत आहे," मी कुजबुजलो.

ससाण्याच्या धाकाने ती अंड्यांवर इतकी गच्च बसली होती, की यंत्राने तिला मेलेलं धरलं होतं. हा हळूहळू मागे सरला आणि लांब पाण्यात उभा राहून ससाण्याकडे अँटेना हलवत राहिला. दोन तास. ओठ निळे पडले, दात वाजायला लागले.

"चल ना आता," मी म्हटलं.

"थांब रे. तीही घाबरलीय. तरी बसलीय ना?"

पिल्लं नऊ निघाली, त्यांतली दोन जगली. पुढच्या मे महिन्यात शिकारीचा हंगाम सुरू झाला आणि त्याच आठवड्यात तिची टिकटिक बंद पडली. बॅटरी संपली की गोळी लागली, कळायला मार्ग नव्हता. धीर द्यायला म्हणून मी त्याच्याकडे गेलो, तर हा शांतपणे चहा गाळत होता.

"सिग्नल गेलाय," तो म्हणाला, "ती गेली असं कुणी म्हटलंय?"

साध्या शिंकेत न्यूमोनिया पाहणारा माझा मित्र मग कितीतरी वेळ खिडकीतून दलदलीच्या दिशेने बघत राहिला. चहा निवत गेला.