न पळालेला ड्रायव्हर

आमच्या लाँड्रीच्या गाडीवर जो ड्रायव्हर होता, त्याला सगळे कुजबुजे म्हणायचे. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. त्याचा आवाजच तसा होता. घशात बिघाड नव्हता, डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं होतं. पण तो बोलायला लागला की समोरच्याला वाटायचं, हा मनातल्या मनात काहीतरी आठवतोय. शाळेत तो रोज "हजर" म्हणायचा आणि रोज त्याची गैरहजेरी लागायची. शेवटी मास्तरांनी वडिलांना बोलावून घेतलं आणि विचारलं, "तुमचा मुलगा दिवसभर असतो कुठे?" तेव्हा तो मास्तरांच्या शेजारीच उभा होता.

त्याचं लग्नही लाँड्रीतच जमलं. बायको इस्त्रीच्या टेबलावर कामाला होती. तिथे मशिनांच्या घरघरीत कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे इस्त्रीवाल्या बायका ओठांवरून बोलणं ओळखायला शिकलेल्या. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं वाक्य शेवटपर्यंत समजून घेतलं. मग गडी असा बोलत सुटला, की त्याच्या तोंडाकडे बघता बघता तिच्या हातची इस्त्री एका हॉटेलच्या पलंगपोसावर तशीच राहिली. मालक चिडले, पण लग्नाला आले.

अशा या माणसावर अपघात करून पळून गेल्याचा खटला भरला गेला.

झालं ते असं. उताराच्या एका गल्लीत न्हाव्याचं दुकान आहे. त्या सकाळी वीज गेली होती, म्हणून न्हाव्यानं चाकांची खुर्ची गिऱ्हाइकासकट फुटपाथवर उजेडात ओढून आणली. गिऱ्हाईक म्हणजे एका गोदामाचे निवृत्त मुख्य अधिकारी. सगळी गल्ली त्यांना साहेब म्हणते. साहेबांना भरघोस मिशी होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. न्हावी गालावर वस्तरा फिरवत होता. तेवढ्यात कुजबुजेनं गाडी मागे घेतली आणि खुर्चीला मागून धक्का बसला.

वस्तरा सटकला, साहेबांची डावी मिशी गेली, आणि खुर्ची उताराला लागली. फेसानं माखलेले साहेब हात पसरून, ओरडत, खाली खाली गेले आणि फोटो स्टुडिओच्या उघड्या दारातून थेट आत शिरून निळ्या पडद्यासमोर थांबले. फोटोग्राफर पाठमोरा होता. तो न वळताच म्हणाला, "पासपोर्ट साइज का?"

साहेबांचा घोटा मुरगळला. बाकी अंगावर ओरखडाही नव्हता.

इकडे कुजबुजेनं गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला आणि धावतच स्टुडिओ गाठला. साहेबांना हात देऊन तो म्हणाला, "साहेब, माझ्या गाडीनं झालं. चूक माझी आहे."

साहेब त्याच्या खांद्याला धरून ओरडले, "कुठे आहे तो गाडीवाला?"

"मीच आहे."

"शोधा त्याला! पळाला वाटतं!"

कुजबुजेनं गाडीतून धुतलेला उशीचा अभ्रा आणला आणि घोटा घट्ट बांधला. साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "भला माणूस आहेस. नाहीतर तो हरामखोर बघ!" कुजबुजेनं पुन्हा सांगितलं. मग न्हाव्याला सांगितलं. न्हावी खुर्चीमागे धावत आला होता, त्याला वाटलं हा पाणी मागतोय. त्यानं पाणी दिलं. तेवढ्यात हवालदार आला. कुजबुजे त्याच्या कानाशी गेला आणि सगळं सांगितलं. हवालदारानं त्याला बाजूला केलं, गाडी काढायला लावली आणि गर्दी पांगवली. पोलिसांनी जा म्हटल्यावर माणूस जाणारच. कुजबुजे गेला.

नंतर न्हाव्याला गाडीवरचं लाँड्रीचं नाव आठवलं आणि आठवड्याच्या आत समन्स आलं.

बायकोची एक मामेबहीण वकील होती. टायरच्या दुकानावर, माडीवर तिचं ऑफिस. ताई फक्त ड्रायव्हर लोकांचे खटले चालवायची, आणि त्यातही खास अपघात करून पळालेल्यांचे. तिच्या बाकावर नेहमी दोन-चार पळालेले बसलेले असत. नवरा-बायको गेले तेव्हा मीही सोबत होतो, मालकांनीच पाठवलं होतं.

ताईनं चष्मा पुसत विचारलं, "हं भाऊजी, पळालात ते कुठपर्यंत?"

कुजबुजेचे ओठ हलले. बायको म्हणाली, "ते म्हणतात, पळालोच नाही."

"इथे सगळे तेच म्हणतात. वकिलापासून लपवू नये."

"ताई, खरंच नाही पळाले."

ताईनं चष्मा घातला आणि त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग तिचा चेहराच पडला. "अगं, मग मी करू काय? पळालेल्याला सोडवायच्या शंभर वाटा आहेत. जमाव मारायला धावला म्हणून पळाला, डॉक्टर आणायला पळाला, धक्का लागल्याचं कळलंच नाही. न पळालेल्याला सोडवायचं कसं? जरा तरी पळाला असतात, भाऊजी! निदान कोपऱ्यापर्यंत!"

बाकावरचा एक ट्रकवाला हळहळला. "बिचारा. फुकट अडकला."

कोर्टात तारखा सुरू झाल्या. साहेब प्रत्येक तारखेला अर्धी मिशी घेऊन हजर. उजवीकडे पीळ, डावीकडे सफाचट. डावी बाजू ते रोज घरी घोटायचे, कारण त्यांच्या मते ती पुरावा होती आणि पुराव्यात फेरफार करणं गुन्हा आहे. सूनबाईंनी माहेरच्या लग्नाला त्यांना नेलं नाही. नातवंडं एकाच बाजूनं पापी घ्यायची. साहेब मागे हटले नाहीत. गेलेली मिशी त्यांनी कागदात बांधून आणली होती, ती न्यायाधीशबाईंनी स्वीकारायचं नाकारलं, तेव्हा ते फार दुखावले.

मग हवालदाराची साक्ष झाली. ताई उलटतपासणीला उठली.

"तिथे गर्दीत कुणी तुमच्याशी बोलायला आलं होतं?"

"एक जण सारखा कानाशी लागत होता, बाई."

"काय म्हणत होता?"

"ऐकू आलं नाही. मला वाटलं, पत्ता विचारतोय."

"मग तुम्ही काय केलंत?"

हवालदार प्रामाणिक माणूस. म्हणाला, "पत्ता सांगितला. म्हटलं, सरळ जा, डावीकडे वळा, आणि ती गाडी आधी इथनं काढा."

"तो माणूस आज इथे आहे?"

हवालदारानं सगळीकडे बघितलं, आरोपीच्या पिंजऱ्यातही बघितलं, आणि तिथेच त्याचा आ वासला.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "आरोपीचं काय म्हणणं आहे?"

कुजबुजे बोलला. बाई पुढे वाकल्या. लघुलेखकानं पेन खाली ठेवलं. माइक बिघडलेला होता, तो कायमच बिघडलेला असतो. बायकोनं ओठ वाचून सांगायची तयारी दाखवली, पण सरकारी वकिलांनी हरकत घेतली, की बायको नवऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालील. त्यावर बाई म्हणाल्या, "हे मात्र शक्य आहे." शेवटी पुकारा करणाऱ्या शिपायाला बोलावलं. त्या इमारतीत त्याच्याइतका दणदणीत गळा दुसरा नव्हता. आरोपीनं त्याच्या कानात सांगायचं आणि त्यानं ते शब्दाला शब्द मोठ्यानं सांगायचं, असं ठरलं.

शिपायानं कान दिला, छाती भरून घेतली आणि गर्जना केली, "साहेबांना मी धडक दिली!"

बाहेरच्या बाकांवरची माणसं दारात जमली. एक नवा पोलीस धावत आत आला आणि त्यानं शिपायाचाच दंड धरला. त्याला समजावण्यात बराच वेळ गेला.

"मी गाडी बंद केली! मी धावत गेलो! मी सगळ्यांना सांगितलं, पण माझं कुणी ऐकून घेतलं नाही!" इथे शिपायाचा आवाज भरून आला. त्यालाही घरी कुणी ऐकत नसावं. "जन्मभर कुणी ऐकलं नाही हो मायबाप!"

कुजबुजेनं त्याची बाही ओढली. शेवटचं वाक्य त्याचं नव्हतं.

"जेवढं सांगतात तेवढंच," बाई म्हणाल्या.

शिपायानं डोळे पुसले. "मी साहेबांचा पाय उशीच्या अभ्र्यानं बांधला!"

साहेब ताडकन उठले. "अभ्रा? तो तू?"

"मी!" शिपाई ओरडला.

"तू नाहीस रे, तो!" साहेब पिंजऱ्याकडे बघत राहिले. "अहो, याला तर मी आशीर्वाद दिला होता."

पळून गेल्याचा आरोप टिकला नाही. मागे न बघता गाडी मागे घेतल्याबद्दल मात्र दंड झाला आणि तो योग्यच होता, हे कुजबुजे स्वतः म्हणाला. बायकोनं आम्हाला सांगितलं. साहेबांनी हात जोडून विचारलं, "मग आता या मिशीचं काय करू?" बाई म्हणाल्या, "तो तुमच्या घरचा प्रश्न आहे." त्याच संध्याकाळी साहेबांनी उरलेली काढून टाकली. सूनबाईंनी म्हणे शेजारी साखर वाटली.

ताईच्या धंद्याला मात्र भलतंच वळण लागलं. गावातले सगळे पळपुटे आता तिच्या माडीवर येऊन खालच्या आवाजात बोलतात. प्रत्येक जण म्हणतो, मी तिथेच होतो, सांगितलंही होतं, पण आवाज गेला नाही. एक जण तर घसा बांधून आला होता.

तारखा संपल्यावर साहेबांना दिवस खायला उठले. कोर्टाच्या निमित्तानं कपडे करायचे, निघायचे, ते सगळं बंद झालं. मग एका सकाळी ते लाँड्रीत आले आणि कुजबुजेच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. आता आठवड्यातून दोनदा तरी येतात. हॉटेलांना चादरी पोचवायच्या असतात. साहेब वाटेत गोदामाच्या गोष्टी सांगतात, आणि कुजबुजे काय बोलतो ते त्यांना कळत नाही, पण मान डोलावतात.

गाडी मागे घ्यायची असली की साहेब खाली उतरतात आणि दोन्ही हातांनी "येऊ दे, येऊ दे" करतात. गेल्या महिन्यात असंच येऊ दे येऊ दे करता करता गाडी एका बंगल्याच्या दारातल्या मोठ्या कुंडीवर गेली. कुंडीचे तीन तुकडे झाले. साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, टुणकन सीटवर चढले आणि म्हणाले, "चल, कुणी बघितलं नाही. पळ!"

कुजबुजेनं किल्ली काढून खिशात टाकली आणि बंगल्याची घंटा वाजवायला गेला. साहेब चादरींच्या गाठोड्यामागे वाकून बसले. घरात कुणी नव्हतं. शेजारून कळलं, घरच्या मालकीणबाई दुपारी कामावरून येतात, म्हणून दोघं तिथेच बसून राहिले, आणि हॉटेलवाल्यांनी फोन करकरून मालकांचा जीव खाल्ला.