दादाची शुगर

समस्त पैपाहुण्यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या दादाला शुगर नाही. कधीच नव्हती. ती मी लावून दिली होती.

दादा माझा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी विहिरीवरची मोटार आपल्याला शिव्या देते, असं त्याला ऐकू यायला लागलं. आधी आम्ही हसलो. मग तो जेवेना, झोपेना, मोटारीवर पोतं टाकून समोर बसून राहायला लागला, तेव्हा आमचं हसू आटलं. बीडच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि दोन-तीन महिन्यांत मोटार गप्प झाली. दादा परत शेतात, परत माझ्या चुका काढायला हजर!

पण गोळी रोज घ्यायची. एकदा शेजारच्या काकूंनी पाहिलंच. "कशाची रं गोळी?" वहिनी काही बोलायच्या आत माझं तोंड उघडलं: "शुगरची!"

झालं. गावानं दादाची शुगर दत्तकच घेतली. कुणी कारल्याचा रस आणला, कुणी जांभळाच्या बियांची पूड. जाईल तिथं चहा बिनसाखरेचा. लिंबागणेशला दर्शनाला गेलो, तर आमच्याच एका गाववाल्यानं दादाच्या हातावरचा पेढा उचलून खोबऱ्याचा तुकडा ठेवला. आणि दादा म्हणजे गोडाचा राक्षस! वहिनी दार लावून शिरा करायची, तो चोरासारखा खायचा.

"खरं सांगून टाकू का बे?" एकदा त्यानं विचारलं.

"पोरीचं जमू दे, दादा. मग सांग."

माझ्या पोरीसाठी तो कारल्याचा रस पीत राहिला.

यंदा तलवाड्याचं स्थळ जमलं. साखरपुड्याला आमच्या दारात पंगत बसली. होणाऱ्या विहीणबाई समोरच खुर्चीवर. जिलबीचं ताट फिरत आलं. वाढणारा भावकीतलाच; दादापाशी येताच ताट उंच करून पुढं सटकला. दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या फेरीला दादानं त्याचं मनगट धरलं. मी खाकरलो, डोळे वटारले, शेवटी तांब्याभर पाणी मुद्दाम सांडलं. कुणी ढुंकून पाहीना.

"शुगर न्हाई मला!" दादा गरजला. "डोक्याची गोळी हाय. नऊ वर्षं झाली. शुगर ह्यानं सांगितली. वाढ तू!"

पंगतीतले हात जिथल्या तिथं थांबले. पोरीचं लग्न पाहुण्यांच्या गाडीत बसून तलवाड्याला परत निघालेलं मला स्पष्ट दिसलं.

विहीणबाईंनी दादाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"म्हंजी नऊ वर्षं ह्यांना बिनसाखरेचा चहा पाजला?"

मी मान खाली घालून हलवली.

"आवो, मग त्यांना जिलबी वाढा, अन् ती गोळी ह्या व्याह्यांना द्या!"