बेशरमाचं कुंपण

दोस्तहो, मी हैदराबादले टाइल्स बसवायचं काम करतो. सानगडीत आमच्या घरामागं एका खोलीपुरती जागा आहे. तिथं खोली बांधून गावातच राहायचं, एवढंच माझ्या डोक्यात आहे.

आज जेवणाच्या सुट्टीत मायले व्हिडिओ कॉल केला. तिनं ती जागा दाखवली. बेशरमाच्या झुडपांचं कुंपण डोक्याएवढं उंच झालं, फुलं आली.

ते मीच लावलं. मागच्या दिवाळीत गावी गेलो, तर बाजूच्या घरातले काकाजी म्हणाले, "ढोरं घुसून राहिले बापा, चार महिन्यांसाठी कुंपण करून दे. इथून ओळ धर, माती नरम आहे." ढोरं बेशरमाले तोंड लावत नाहीत. मी तलावाच्या पारीवरून कांड्या तोडून आणल्या अन् आमच्याच जागेच्या मधातून रोवल्या.

आज काकाजीले फोन केला, "आता कुंपण काढा."

ते हसले. "जितं कुंपण कोणी काढते का रे? आता हद्द तेच."

मायले म्हटलं, उपटून टाक. तर म्हणे, "राहू दे ना बाबू. तू तिकडं राह्यतं, इथं रोज त्यायचं तोंड मले पाहा लागते."

तोडलं तरी फुटते, पाण्याबिगर बारा महिने हिरवं राह्यते, म्हणून लोक त्याले बेशरम म्हणतात. पण आमच्या जागेत ते चालत नाही आलं. रोवलं तिथं जगलं बिचारं. रोवणारा मी, हद्द सांगणारे काकाजी. मग हे नाव त्या झुडपालेच काहून? सांगा तुम्हीच.