समोरच्या बेनशी इंग्रजीत

माझ्या मुलानं तमिळ मुलीशी लग्न केलं आणि मला चेन्नईची विहीण मिळाली. विहीणबाई स्वभावानं फार चांगल्या, पण दर रविवारी फोन करायच्या. त्यांना मराठी-हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं. उरलं इंग्रजी. त्या बराच वेळ बोलायच्या आणि मी मधून मधून "फाइन, फाइन" म्हणायचे. एका रविवारी त्यांनी त्यांच्या थोरल्या जाऊबाई गेल्याचं सांगितलं आणि मी तेही फाइन आहे म्हटलं. हे मला दोन दिवसांनी सुनेकडून कळलं.

त्याच सुमारास आमच्या बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांसाठी मोफत इंग्रजी संभाषण वर्ग सुरू होणार असल्याचं पत्रक पेपरातून आलं. आठवड्यातून तीन दुपारी, तीन ते पाच. आमचे हे म्हणाले, फुकट आहे, जाऊन बघ, नाही फावलं तर बंद कर.

पहिल्या दिवशी निजामपुऱ्याहून शटल, म्हणजे शेअर रिक्षात बसले, तर शेजारी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन. आमचं दोघींचं अडीच वर्षं बोलणं बंद होतं. त्या रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकायच्या, आणि मी उन्हाळ्यात तिथेच कुरडया वाळत घालायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, की पुण्य तुमच्या खात्यात जातं आणि बाकीचं सगळं माझ्या कुरडयांवर पडतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खाली गेल्या आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आलो तरी दोघीही मोबाइल बघायचो. माझा बंद असला तरी मी बघायचे.

त्या रिक्षातून मांडीवर नवी कोरी वही घेऊन चालल्या होत्या. माझ्याही मांडीवर तशीच होती. कुठे चाललात, हे विचारायची गरज उरली नाही.

हॉलमध्ये उद्घाटन होतं. प्रमुख पाहुण्यांनी इंग्रजीचं महत्त्व पाऊण तास गुजरातीत सांगितलं. त्यांना पुन्हा यायला वेळ मिळणार नव्हता म्हणून वर्ग यशस्वीपणे पूर्ण केल्याची प्रमाणपत्रं त्यांच्या हस्ते त्याच दिवशी वाटून टाकली. फोटो निघाले. मग नाश्ता झाला. चाळीस माणसं प्रमाणपत्र आणि खमण घेऊन घरी गेली, त्यातली अर्धी परत आलीच नाहीत. त्यांचं तसं चूक नव्हतं, त्यांचा कोर्स झाला होता.

आम्हा उरलेल्या वीस जणांना शिकवायला एक सर आले. कुठल्याशा कचेरीत मोठे हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. त्यांचा व्याकरणावर जीव होता. दोन आठवडे त्यांनी 'अ', 'अॅन' आणि 'द' कुठे लावायचे ते शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात रजेचा अर्ज आला. आमच्यात एकालाही रजा मागायला नोकरी नव्हती, पण सर म्हणाले की अर्ज आला की भाषा आली. आपसात कोणी बोललं की ते डस्टर टेबलावर आपटायचे. संभाषणाच्या वर्गात सगळ्यात जास्त शांतता असायची. नंदेसरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक काका त्या शांततेत रोज झोपून घ्यायचे.

मग एक दिवस समितीचं पत्र आलं, की पुढच्या महिन्यात पाहणी आहे आणि पाहणीला येणाऱ्यांना माणसं बोलताना दिसली पाहिजेत. सर नाराज झाले, पण त्यांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं आणि नंबराप्रमाणे जोड्या लावल्या. एक आणि दोन, तीन आणि चार. मी आणि बेन रोज एकाच रिक्षातून उतरून एकीमागे एक सही करायचो. माझा नंबर सात, त्यांचा आठ.

सर म्हणाले, "ओन्ली इंग्लिश. वीस मिनिटं."

आम्ही खुर्च्या वळवल्या. पहिली पाच मिनिटं दोघी वह्यांची पानं उलटत बसलो. मग बेन फळ्याकडे बघत म्हणाल्या, "हाउ आर यू?"

मी म्हटलं, "फाइन."

अडीच वर्षांनंतरचं आमचं हे पहिलं बोलणं. मला वाटलं होतं पहिल्यांदा बोलू तेव्हा भांडण होईल. माझी वाक्यं तयार होती, मनात कितीदा घोळवलेली, पण ती सगळी मराठीत होती. इंग्रजीत मला टोमणा मारता येत नव्हता. त्यांनाही येत नव्हता. आम्ही भाज्यांची नावं घेतली, मग वार झाले, मग घरात कोण कोण आहे ते. रिक्षातून परत येताना पुन्हा गप्प. तिथे इंग्रजीची सक्ती नव्हती आणि मराठी-गुजरातीत आमचं भांडण चालू होतं.

असं चार-पाच वेळा झालं. एका दुपारी सरांनी विषय दिला, मी इंग्रजी का शिकतो. मी विहीणबाईंच्या जाऊबाईंचा किस्सा जमेल तसा सांगितला. बेन हसल्या नाहीत. वहीच्या कडेला रेघा मारत राहिल्या. मग शब्द शोधत शोधत बोलल्या.

"माय हजबंड, हार्ट. टू टाइम हॉस्पिटल. डॉक्टर टॉक इंग्लिश. माय सन टॉक इंग्लिश. आय सिट." पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आय अॅम चेअर."

मला आधी वाटलं त्या चुकल्या. मग समजलं की चुकल्या नव्हत्या.

माझ्या दारापासून त्यांचं दार चार पावलांवर. त्या घरातला माणूस दोनदा दवाखान्यात जाऊन आला आणि मला पत्ता नाही. लिफ्टजवळ एकदा व्हीलचेअर दिसली होती. कोणाकडे तरी पाहुणे आले असतील, असं म्हणून मी दार लावून घेतलं होतं. "सॉरी" हा शब्द मला येत होता, पण तो तर आपण रिक्षात पाय लागला तरी म्हणतो. मी विचारलं, "व्हेन नेक्स्ट डॉक्टर?"

"फ्रायडे. सन इज ऑफिस टूर."

मी म्हटलं, "आय कम."

शुक्रवारी पाहणी होती. आम्ही दोघी वर्गाला गेलो नाही, बेनच्या यजमानांना घेऊन दवाखान्यात गेलो. जाताना बेननी वहीत प्रश्न लिहून घेतले होते. रिक्षात त्या ते पुटपुटत होत्या, मी 'द' कुठे घालायचा ते सांगत होते. यजमान कधी बायकोकडे, कधी माझ्याकडे बघत होते. अडीच वर्षं न बोलणाऱ्या दोन बायका आपल्या डोक्यावरून इंग्रजीत का बोलताहेत, हे त्यांना उमगेना.

डॉक्टर तिशीतले होते. त्यांनी रिपोर्ट बघत इंग्रजीत सुरुवात केली. बेननी वही उघडली आणि उभ्या राहूनच वाचलं, "डॉक्टर, प्लीज टेल मी द ब्लॉकेज. टेल स्लोली. आय अॅम द वाइफ."

डॉक्टरांनी मान वर केली. मग अगदी सहज म्हणाले, "मासी, गुजरातीमां बोलो ने."

ते इथलेच होते, बडोद्यातच शिकलेले. मुलगा इंग्रजीत विचारायचा म्हणून ते इंग्रजीत सांगायचे. पुढची वीस मिनिटं त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून सगळं गुजरातीत समजावलं. कुठली नळी, किती बंद, कुठली गोळी कशासाठी, जिना किती चढायचा. बेननी एकामागून एक प्रश्न विचारले. वहीतले नव्हते ते. मधेच त्या यजमानांवर रागावल्या, कारण सकाळची एक गोळी ते लपून टाळत होते हे आता डॉक्टरांसमोरच निघालं.

बाहेर आल्यावर यजमानांना बाकावर बसवून आम्ही औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभ्या राहिलो. बेननी वही पिशवीत टाकली आणि गुजरातीत म्हणाल्या, "मला आधी माहीत असतं तर मी हा कोर्स कशाला केला असता?"

मी मराठीतच उत्तर दिलं. त्यांना समजतं, बडोद्यात सगळ्यांना समजतं. म्हटलं, माझी विहीण अजून आहे, मला कोर्स करावाच लागेल.

"तर मग मी पण येते," त्या म्हणाल्या. "एकटी शटलमध्ये काय बोलशील?"

पाहणीला त्या दिवशी फक्त अकरा माणसं हजर होती, असं सोमवारी कळलं. नंदेसरीच्या काकांना पाहणीला आलेल्या पाहुण्यांनी काही विचारलं आणि त्यांनी उभं राहून रजेचा अख्खा अर्ज तोंडपाठ म्हणून दाखवला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अहवालात वर्ग उत्तम चालला असल्याचं लिहिलं गेलं आणि पुढच्या सत्रासाठी तेच सर कायम झाले.