हौश्याच्या मानेवरचा नंबर

आमच्या गोठ्यात एक गाय, पाच शेळ्या आणि एक मोटरसायकल असते.

गाय आणि शेळ्यांबद्दल पाहुणे काही बोलत नाहीत. पण मोटरसायकल गोठ्यात का, असं कुणी विचारलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, चकित होऊन त्याच्याकडे बघतात. "मंग कुठं बांधावं?"

आमचा शेवटचा बैल हौश्या म्हातारा होऊन गेला त्या साली अण्णांनी ही मोटरसायकल घेतली आणि हौश्याचं नाव तिला देऊन टाकलं. तेव्हापासून पिंगळी ते परभणी अण्णांचं सगळं जाणं-येणं हौश्यावरून. अण्णांचं वय आता बाहत्तर, हौश्याचं पंधरा. आणि पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी संपते, आरटीओत नेऊन तपासणी करून घ्यावी लागते, हे मीच (पेपर वाचणारा घरात मी एकटा!) अण्णांच्या कानावर घातलं.

"आन पास न्हाई झाली तर?"

"तर भंगारात."

अण्णांचा हातातला घास हातातच राहिला. "हौश्याला भंगारात? आरं, पास न्हाई झाली तर मी त्याला दावणीला बांधीन, रोज पुसून काढीन, पन भंगारवाल्याला हात लावू देनार न्हाई. आन मीबी मंग कुठं जानार न्हाई. बसतो घरी."

अण्णा घरी बसणार, ही कल्पनाच माझ्या बायकोला, सुनंदाला, सहन होईना. "अवं, काय वाट्टेल ते करा," ती मला आत बोलावून म्हणाली, "पन गाडी पास करून आना!"

मी अठरा वर्षं शाळेत शिकवतोय. एजंटकडे जाणं हा मला माझ्या शिक्षणाचा अपमान वाटला. सगळा अर्ज मी स्वतः मोबाईलवर भरला. मग एक फाईल केली. काय फाईल होती ती! अनुक्रमणिका, प्रत्येक कागदाला रंगीत चिठ्ठी, विमा वेगळा, पीयूसी वेगळं, झेरॉक्सच्या तीन-तीन प्रती. शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. तपासणीच्या आदल्या दिवशी मला आणखी एक बुद्धी सुचली. गाडी जरा नवी दिसावी म्हणून काळ्या ऑइलपेंटचा डबा आणून मी हौश्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन हात मारले.

सकाळी निघताना अण्णा हौश्यावर आणि मी माझ्या स्कूटरवर, फाईल पुढच्या हुकाला.

"अवं, तुमच्या स्कुटरचं..." सुनंदा दारातून म्हणाली.

"पेट्रोल भरलंय!" मी ओरडलो आणि निघालो. (या वाक्याकडे लक्ष ठेवा. मी ठेवलं नाही.)

आरटीओच्या मैदानात रांग होती. इन्स्पेक्टर एक तिशीतल्या मॅडम. मी फाईल पुढे केली. त्यांनी अनुक्रमणिका बघितली, माझ्याकडे बघितलं.

"शिक्षक का?"

"हो!" मी फुललो. (कुणीही ओळखावं अशी फाईल होती.)

हॉर्न वाजला, लाईट लागली, ब्रेक लागला. अण्णा प्रत्येक वेळी हौश्याच्या टाकीवर थोपटून "शाबास" म्हणत होते. मग मॅडम म्हणाल्या, "चेसिस नंबर दाखवा."

हा नंबर हँडलखाली, गाडीच्या मानेवर ठोकलेला असतो. मी वाकलो. मानेवर नंबर नव्हता. तिथे लिंबाएवढं एक काळंभोर टेंगूळ होतं, ज्याला काल मी वेल्डिंगचा गोळा समजून प्रेमाने दोन हात जास्त मारले होते!

"अण्णा, हे काय?"

"खांदमळनी," अण्णा शांतपणे म्हणाले.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"माय, पोळ्याच्या आदल्या दिशी बैलाचे खांदे मळत्यात का न्हाई? वरीसभर जू वडून खांदा हुळहुळा होतो. ह्याचा खांदा म्हंजे ही मान. दर पोळ्याला मी जवसाच्या तेलात हळद आन हिंगूळ कालवून लावतो. पंधरा पोळे झाले. एकबी चुकला न्हाई."

जवसाचं तेल वाळलं की त्याचा दगड होतो. अशा पंधरा दगडांखाली आमच्या गाडीचा नंबर सुखरूप होता.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "बाबा, नंबर दिसल्याशिवाय मला गाडी पास करता येत नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. माझ्यातला कर्ता पुरुष मात्र जागा झाला. मी डिकीतून स्क्रू ड्रायव्हर काढून टेंगळावर पहिला घाव घातला.

"थांबा!" मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या की रांगेतला एक टेम्पो बंद पडला. "लोखंड लावू नका! नंबरवर ओरखडा दिसला की खाडाखोड झाली असं समजतात. मग कुणीच पास करणार नाही!"

"तू फाईल धर," अण्णा मला म्हणाले. गाडीपासून चार पावलं लांब उभं करून.

मग अण्णांनी समोरच्या गॅरेजातून थिनर मागून आणलं, गळ्यातला पंचा त्यात भिजवला आणि हौश्याच्या मानेला धरून बसले. दहा मिनिटं धरायचं, पुसायचं, परत धरायचं. आधी माझा काळा रंग गेला. खाली लालभडक हिंगूळ, त्याखाली पिवळं, परत लाल. आणि अण्णा बोलायला लागले.

"हा थर दोन साल मागचा. तवा पाऊस लय झालता, तेल वाळतच नव्हतं."

"हा पातळ हाय बगा. मी दवाखान्यात होतो, सूनबाईनं लावला."

"हा आमची नात झाली त्या सालचा. तवा खुशीत जरा जास्तच लावलता."

बघता बघता घोळका जमला. रांगेतली माणसं आपापल्या गाड्या सोडून आली. कुणी पाणी आणलं, कुणी जुनं बनियन दिलं. मॅडम दोनदा दुसऱ्या गाड्या बघायला गेल्या आणि दोन्ही वेळा "कितवं साल आलं?" विचारत परत आल्या. मी फाईल धरून उभा होतो.

शेवटचा थर निघाला तेव्हा खाली पुसट अक्षरं दिसायला लागली. मॅडम आरसी हातात घेऊन वाकल्या. "नीट लागत नाहीये. पहिलं अक्षर..."

"यम," अण्णा म्हणाले.

"बरोबर. पुढं?"

आणि अण्णांनी डोळे मिटून सगळा नंबर म्हणून दाखवला! इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून सतरा. आमचे अण्णा चौथी शिकलेले. इंग्रजी ए त्यांना दाखवला तर शिडी म्हणतील. पण गाडी घेतली त्या दिवशी शोरूमवाल्याने सांगितलं होतं, हा नंबर म्हणजे हिची ओळख, असा दुसऱ्या कुठल्याच गाडीला नसतो. अण्णांनी तो तिथल्या तिथे त्याच्याकडून दहादा म्हणवून घेतला आणि पुढे दर पोळ्याला, मान मळताना, मनातल्या मनात म्हटला.

मॅडम एकेक अक्षर बोटाने टिपत होत्या. "बाबा, हा सात आहे. तुम्ही एक म्हणालात."

"एकच हाय, माय. ठोकताना जरा वर सरकलाय, म्हून सातावानी दिसतो."

त्यांनी मोबाईलची बॅटरी लावून पाहिलं. आरसीवर पाहिलं. परत मानेवर पाहिलं.

"एकच आहे," त्या म्हणाल्या, आणि घोळक्याने टाळ्या वाजवल्या. अहो, शाळेत माझा सत्कार झाला होता तेव्हा एवढ्या वाजल्या नव्हत्या! माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "माझे वडील आहेत," मी शेजारच्या टेम्पोवाल्याला सांगितलं. त्याला पटलं नसावं म्हणून परत सांगितलं.

गाडी पास झाली. पुढची पाच वर्षं हौश्या कायदेशीर!

आता गप्प बसावं की नाही? पण अभिमान माणसाला बोलका करतो. मी टेम्पोवाल्याला आणि त्याच्या मागच्या सहा जणांना समजावू लागलो, की कागदपत्रांची मुदत कशी वेळेवर बघावी, फाईल कशी करावी, आपण सुशिक्षित लोकांनी कसा आदर्श घालून द्यावा.

"गुरुजी," मॅडम मागून म्हणाल्या, "ती स्कूटर तुमचीच का?"

"हो!"

त्यांनी नंबरप्लेट बघून मोबाईलवर चार बोटं फिरवली. "हिची नोंदणी अकरा महिन्यांपूर्वी संपलीय."

ती स्कूटर मी बदलून गेलेल्या एका गुरुजींकडून जुनी घेतली होती. नावावर करून घेतली, पण तिचं वय बघायचं राहूनच गेलं. सकाळी सुनंदा दारातून तेच सांगत होती.

"रस्त्यावर काढू नका," मॅडम म्हणाल्या. आवाजात दया होती, ती जास्त लागली. "इथंच ठेवा, अर्ज भरा. आणि हा घ्या तुमचा चेसिस नंबर." त्यांनी तो एका चिठ्ठीवर लिहून दिला. माझ्या फाईलला चिकटवायला माझ्याकडे रंगीत चिठ्ठी उरली नव्हती.

अण्णांनी हौश्याला किक मारली. "बस मागं."

मी फाईल पोटाशी धरून बसलो. शहर मागे पडलं तसे अण्णा म्हणाले, "त्या चिठ्ठीवरचा नंबर पाठ कर."

"अण्णा, फाईलमध्ये आहे ना!"

"फाईल डोस्क्यात लागती. म्हन."

म्हणायला लागलो. पिंगळीचं स्टेशन दिसेपर्यंत सतरापैकी अकरा झाले. बाराव्याला अडखळलो. अण्णांनी हौश्याला रस्त्याच्या कडेला घेतलं. नेमकी तेव्हाच शाळा सुटली होती आणि माझा सहावीचा वर्ग दप्तरं पाठीला लावून समोरून येत होता.

"उतर," अण्णा म्हणाले. "पयल्यापासून म्हन."

आणि ज्या वर्गाला मी काल पाढा चुकला म्हणून उभं केलं होतं, त्याच वर्गासमोर मी हाताची घडी घालून पहिल्यापासून सुरुवात केली.