जीपमधला बाप्तिस्मा

कर्नाटकाच्या सीमेवर, हुलसूरच्या अलीकडच्या एका गावात राजूबाई भाकरीवाली राहते. फाट्यावरच्या खानावळीला ती कडक भाकऱ्या करून देते, ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, आठवडाभर टिकणाऱ्या. हात असा की भाकरी परातीत आपोआप फिरते. पण बाई मोठी भित्री. पाल चुकचुकली की भिते, बैल बुजला की भिते. फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवून "कोण गेलं गं माय?" म्हणते आणि मग उचलते. बहुतेक वेळा कुणीच गेलेलं नसतं, फोन कंपनीवाल्याचा असतो.

तिचं घर ख्रिस्ती, लुथरन मंडळीतलं. गावात अशी घरं मोजकीच. त्यांचं पत्र्याचं छोटं चर्च आहे. पाळक सिद्धराम भालकीला राहतात आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोटरसायकलवर येतात. राजूबाई दुसरी शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचणारी. पण नवी नवरी असताना सासूनं चुलीपुढं बसवून तिच्याकडून धर्माची सगळी प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली होती. भाकरीची एक थाप, एक प्रश्न. याचा अर्थ काय? हे कुठं लिहिलं आहे? ते विचारणं जिभेत इतकं मुरलं की भाजीवाल्यानं वांग्याचा भाव सांगितला तरी ती म्हणायची, "कुठं लिवलंय?" त्यावरून तिला गावानं 'लिवलंयबाई' नाव पाडलं. तिला राग यायचा नाही. न विचारता मान डोलावण्यापेक्षा बरं, म्हणायची.

तिचा मुलगा शिवराज बसवकल्याणला मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला. सून विजयश्री, कमी बोलणारी, डोळ्यांनी जास्त बोलणारी. पहिल्या खेपेला विजयश्रीला सातव्यातच कळा आल्या. मूल घरीच झालं, मुठीएवढं. जीप करून बिदरला निघाले. रस्त्यात खड्डे, विजयश्री मागच्या सीटवर अर्धवट शुद्धीत, आणि मूल राजूबाईच्या ओच्यात. भालकी मागं पडली तेव्हा ते निळं पडायला लागलं.

पाळक जवळ नसेल आणि जीव चालला असेल, तर कोणाही विश्वासणाऱ्यानं बाप्तिस्मा द्यावा, हे राजूबाईला सासूनं शिकवलं होतं. शिकवलं तेव्हा वाटलं होतं, आपल्यावर कशाला येतीय असली वेळ. तिनं ड्रायव्हरकडं पाणी मागितलं. त्यानं प्लास्टिकची बाटली दिली, तिला तंबाखूचा वास. राजूबाईनं ओंजळीतून तीनदा त्या कपाळावर पाणी सोडलं आणि म्हणाली, "शांतकुमार, बाप, लेक आन् पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते."

'पिता' आणि 'पुत्र' हे शब्द तिला येत होते. रोज म्हणत होती. पण भीतीनं पुस्तकातले शब्द पळून गेले आणि चुलीपाशी बोलायचे तेवढे जिभेवर राहिले.

बिदर यायच्या आधीच शांतकुमार गेला. जीप वळवून परत आणली.

दुसऱ्या वर्षी विजयश्रीला पुन्हा दिवस गेले, आणि त्याच सुमाराला गावात अनिलकुमार आला. अफजलपूरकडचा, सोलापुरात शिकलेला. गोड गळा, स्वच्छ शर्ट, सोबत ढोलकी आणि स्पीकर. तो शेजारच्या महानंदाच्या अंगणात प्रार्थना घ्यायचा. महानंदाही मंडळीतलीच, पण पत्र्याच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा काय मिळतंय, म्हणून तिनं त्याला घरी बोलावलं होतं. माणूस वाईट दिसत नव्हता. दुखणाइताच्या उशाशी बसायचा, नाव लक्षात ठेवायचा, म्हाताऱ्यांना 'अव्वा' म्हणायचा. विजयश्रीशी तर तो शांतकुमारबद्दल बोलला. वर्षभरात घरात कुणी ते नाव उच्चारलं नव्हतं. ती ढसाढसा रडली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज जाऊ लागली.

एके दुपारी ती परत आली ती भिंतीला धरून.

"काय झालं गं?" राजूबाईनं तवा खाली उतरवला.

"अनिलअण्णांना देवानं दाखवलं म्हणं. आपल्या घरावर शाप हाय. लहान लेकराचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच न्हाई. मोठेपणी, समजून, तळ्यात बुडून घ्यावा लागतोय. म्या घेतला न्हाई तर..." तिनं पोटावर हात ठेवला. "हेबी जाईल म्हणाले."

 राजूबाई पदर सारखा करून महानंदाच्या अंगणात गेली.

"अण्णा, शाप हाय, हे कुठं लिवलंय?"

बाया हसल्या. महानंदा म्हणाली, "आली बघा लिवलंयबाई. आता पानं चाळा!"

अनिलकुमार हसला नाही. "अव्वा, सगळं पुस्तकात शोधायचं नसतं. आत्मा आजही बोलतो."

"बोलत आसंल. पन लिवलेल्याच्या उलटं कसा बोलंल? लेकरांना माझ्याकडं येऊ द्या, आडवू नका, आसं हाय की."

"लेकरांना येऊ द्या आहे. जीपमध्ये बाटलीतलं पाणी शिंपडा, असं आहे का?" त्याचा आवाज मऊच होता. "आणि तुम्ही काय म्हणालात, ते विजयश्रीअक्कानं सांगितलंय मला. बाप, लेक आणि पवित्र आत्मा. अव्वा, लेक म्हणजे मुलगी! देवाच्या पुत्राला तुम्ही मुलगी केलंत. ते नाव देवाचं नव्हतंच. मग ते लेकरू कोणाच्या नावानं गेलं?"

त्या भागात लेक म्हणजे मुलगाही. गुराख्याचा लेक, कुंभाराचा लेक, सगळे असंच बोलतात. महानंदाच्या तोंडीसुद्धा तिचा दांडगा पोरगा म्हणजे 'माझा ल्योक'. राजूबाईला हे त्याच क्षणी सुचायला हवं होतं. नाही सुचलं. तिच्या कानात फक्त 'कोणाच्या नावानं गेलं' एवढंच घुमत राहिलं. ती उभी होती तशी मागं फिरली आणि वाटेत तिची चप्पल कुठं राहिली, तिला कळलं नाही.

त्या दिवसापासून भाकऱ्या बिघडल्या. कडेला जाड, मध्ये फाटलेल्या. खानावळवाला म्हणाला, "मावशे, हे काय करायलीस?" ती काय सांगणार? थापताना ती मनात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, बाप, लेक, आणि थांबायची. आपल्या एका शब्दानं ते इवलंसं पोर देवाच्या दारातून परत फिरलं असेल का? आपण थुंकी गिळली असती, दोन श्वास थांबलो असतो, तर बरोबर शब्द आला असता का? विजयश्री तिच्याकडं बघायची आणि नजर काढून घ्यायची. ती नजर राजूबाईला शिवीपेक्षा लागायची. बाप्तिस्म्याचा कार्यक्रम येत्या रविवारी गावच्या तळ्यावर ठरला होता.

बायांना सरकारी बस फुकट झाल्यापासून राजूबाई एकदाही कुठं गेली नव्हती. उगाच कशाला फिरा, म्हणायची. शुक्रवारी तिनं आधार कार्ड कमरेला खोचलं आणि भालकीची बस धरली. वाटेत कंडक्टरनं कार्ड बघून "अक्का, फोटोत तू हाईस का तुझी आजी?" म्हणून विचारलं. एरवी तिनं दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी ती खिडकीबाहेर बघत बसली. हाच तो रस्ता होता.

सिद्धराम पाळक अंगणात मोटरसायकलची चेन साफ करत होते. काळे हात तसेच ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लेक म्हणालीस तेव्हा तुझ्या मनात कोण होतं?"

"येशू. दुसरं कोण आसणार?"

"मुलगी होती का?"

"न्हाई वो, साहेब!"

"मग देवाला तुझी बोली येत नाही, असं वाटतं का तुला? त्याला कानडी येते, उर्दू येते आणि हुलसूरची मराठी तेवढी येत नाही?" ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "हे बघ राजूबाई. बाप्तिस्मा हे तुझं काम असतं, तर तुझ्या चुकीनं बिघडलं असतं. बुडून बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या समजुतीवर उभं असतं, तर उद्या समजूत डळमळली की तेही गेलं. ते देवाचं काम आहे. आज्ञा त्याची, नाव त्याचं, वचन त्याचं. हात तुझा होता, एवढंच. पाणी साधं होतं, पण शब्द साधा नव्हता. शांतकुमार त्याच्यापाशी आहे."

राजूबाई तिथंच धुळीत बसली आणि रडली. मग डोळे पुसून, ज्यासाठी खरं आली होती ते विचारलं. "आन् पोटातलं? ते जगंल नव्हं?"

पाळकांनी चिंधीला हात पुसले. "ते मला ठाऊक नाही. प्रार्थना करू, डॉक्टरांकडं नेऊ. पण तसं वचन मला कुठं लिहून दिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही, ते मी कसं सांगू?"

परतीच्या बसमध्ये तिला पाळकांच्या बोलण्यापेक्षा अनिलकुमारचं बोलणं सोपं वाटलं. तो निदान काहीतरी ठाम सांगतो.

घरी विजयश्री शेंगा फोडत बसली होती. राजूबाईनं शांतकुमारचं सगळं सांगितलं. सुनेनं शेंगा फोडत ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, "अत्याबाई, तुमी सांगा. तळ्यावर न्हाई गेले, तर हे जगंल?"

'जगंल' म्हटलं असतं तर ती थांबली असती. एकच शब्द होता. राजूबाईच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. शिवराज दारात उभा राहून आईकडं हात जोडल्यासारखा बघत होता.

"म्हाइत न्हाई, बाई," राजूबाई म्हणाली. "आन् त्यानं बुडवल्यावर जगंल, हेबी त्याला म्हाइत न्हाई."

"पन ते सांगतेत तरी!" विजयश्री उठली. शेंगा सगळ्या घरभर झाल्या.

शिवराज आईवर खेकसला, "माय, एक डाव खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"देवाच्या नावावर?" एवढंच राजूबाई म्हणाली आणि शेंगा वेचायला लागली. 

रविवारी तळ्यावर निम्मं गाव जमलं. काही विश्वासानं, बाकीचे रविवार म्हणून. राजूबाई लांब बाभळीखाली उभी. जवळ जायचा धीर नाही, घरी बसायचाही नाही. आपण अडवलं असतं आणि उद्या लेकरू गेलं असतं, तर? आपण नाही अडवलं, तर शांतकुमारचा बाप्तिस्मा खोटा म्हटल्यासारखंच नाही का?

विजयश्री कमरेएवढ्या पाण्यात उतरली. पोट पाण्यावर आलेलं. अनिलकुमारनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "अक्का, सगळ्यांसमोर कबूल करा. माझ्या पहिल्या लेकराचा बाप्तिस्मा झालाच नव्हता, ते शापात गेलं. म्हणा."

ढोलकी थांबली. विजयश्रीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

"म्हणा, अक्का."

"मग शांतू कुठं हाय?" तिनं विचारलं. हळूच, पण तळ्यावर आवाज लांब जातो.

"ते सोडा आता. पुढचं बघा."

"सोडू?" तिनं त्याचा हात डोक्यावरून खाली केला. "त्याला सोडून ह्याला घिऊ? कुठं लिवलंय, अण्णा?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. विजयश्री ओल्या लुगड्यानं, एका हातानं पोट धरून, काठावर आली. अनिलकुमार मागून म्हणाला, "अक्का, पुढं जे होईल ते माझ्या माथी नाही." तो ओरडला नाही. त्याचा चेहरा खरंच दुःखी होता, आणि तेच जास्त भीतीचं होतं.

राजूबाईनं बाभळीखालून पळत येऊन तिला पदरात घेतलं. दोघी कुडकुडत होत्या. एक पाण्यानं आणि दुसरी उगीचच.

त्यानंतरचे महिने कसे काढले ते त्या घरालाच ठाऊक. महानंदा कुंपणावरून रोज विचारायची, "बरं हाय ना गं पोरीचं? न्हाई, आपलं काळजीनं विचारलं." पोटात जरा गुरगुरलं की शिवराज जीपवाल्याला फोन लावायचा. सातवा महिना लागला तेव्हा राजूबाईनं जेवण निम्मं केलं. उपास म्हणून नाही, घशाखाली उतरेना. महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेत ती "तुझी इच्छा होवो" या शब्दांशी येऊन अडखळायची. ते म्हणायला तिला फार भीती वाटायची. तरी म्हणायची.

सातवा गेला, आठवा गेला. बिदरला, दवाखान्यात, मुलगा झाला. रडला असा की बाहेर बसलेला शिवराज दचकून उभा राहिला. पुढच्या महिन्यात पाळकांनी पत्र्याच्या चर्चमध्ये त्याला बाप्तिस्मा दिला, पितळी भांड्यातल्या पाण्यानं.

घरी येताना शिवराज फुगून चालत होता. "माय, बोलवू का त्या अनिलकुमारला? बघ म्हणावं, कोन खरं निघालं! महानंदाबाईच्या दारात पेढे घिऊन उभा राहतो बघ."

राजूबाई रस्त्यातच थांबली.

"हे जगलं म्हणून आपलं खरं?" ती म्हणाली. "मग शांतू गेला, तवा आपलं खोटं हुतं का?"

 विजयश्रीनं मुलाला छातीशी आणखी आवळून धरलं. तेवढ्यात बाळ शिंकलं. एकदा, मग पुन्हा. तिघंही जागच्या जागी थिजली. राजूबाईनं दुपट्याखाली बोट घालून त्याच्या नाकाशी धरलं, आणि गरम वारा बोटाला लागेपर्यंत तिनं स्वतःचा श्वास सोडला नाही.