बाराही बोर्ड एकाच हाताचे

वायरमनच्या प्रात्यक्षिक परीक्षेला मीटरबाई येणार म्हटलं की केंद्रचालकांची धावपळ उडायची. कुणी नमस्कार केला तरी ही आधी मीटर लावून बघेल, अशी तिची ख्याती. उमेदीची वर्षं शिडीवर काढलेली. चहापाण्याने पाघळणारी बाई नव्हे.

त्या दिवशी ठरलेला परीक्षक आजारी पडला आणि ऐनवेळी तिला धाडलं, तेही तिचा धाकटा भाऊ शिकवायचा त्याच केंद्रावर.

टेबलावर उमेदवारांचे बारा बोर्ड मांडलेले. दिवे लागत होते, बटणं चालत होती. तिने एक झाकण उघडलं, मग दुसरं, मग सगळीच. प्रत्येक स्क्रूखाली तारेचा आकडा डावीकडे वळवलेला! असा आकडा स्क्रू आवळताना घट्ट बसायच्या ऐवजी उलगडतो. ही खोड तिच्या घरचीच. वडील डावखुरे, दोघा भावंडांना काम शिकवलं ते उलट्या वळणासकट. तिने ते वळण रडतरडत मोडलं होतं. भावाने कधीच नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्ता माझ्यासमोर एकेक आकडा वळवा," तिने पोरांना फर्मावलं.

तारेला कुणी हातच लावेना. शेवटी एक मुलगी पुटपुटली, "बाई, आम्हाला वर्षभर पक्कड हातात मिळालीच नाही. सर म्हणाले, पास करायचं माझ्यावर सोडा."

भावाने तिला शेजारच्या खोलीत नेलं. "ताई, दिवे लागतायत ना? मग झालं तर! पोरं नापास झाली तर माझी नोकरी जाईल. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय आणणार तू?"

"आणि उद्या यांनी जोडलेल्या तारांनी कुणाचं घर पेटलं तर?"

"तू सोडून कुणाला कळलं असतं गं?"

हे तिला सगळ्यात झोंबलं. केल्याची लाज नाही, पकडल्याचा राग!

"तुझ्या घरात नव्या तारा घालायच्यात ना? यातल्या कुणालाही बोलाव. मग मी आत्ता पासची सही करते."

भावाने बाहेरच्या एकाही पोराला हाक मारली नाही. तिने परीक्षा रद्द केली. अहवालात तसं लिहिलं, कारणासकट, भावाच्या नावासकट.

बाहेर पोरं ताटकळली होती. "बाई, आम्ही नापास?" मघाच्याच मुलीने विचारलं.

"नापास व्हायलासुद्धा आधी कुणीतरी शिकवावं लागतं," ती म्हणाली, आतल्या खोलीत स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात.